खेळण्यांची पेटी उघडल्यावर : वाचकांचे प्रश्न

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय दरवर्षी थोडा बदलतो. या वेळी निम्म्याहून अधिक पत्रे माळ्यावरून उतरवलेल्या ट्रंका, पत्र्याचे डबे आणि त्यांत सापडलेली जुनी खेळणी यांविषयी आहेत. लष्कर, मुरार, हजीरा, ठाटीपूर अशा ग्वाल्हेरच्या निरनिराळ्या भागांतून आलेल्या या पत्रांपैकी सहा येथे घेतली आहेत. पत्रे लांब होती, म्हणून प्रश्नांचा मजकूर आवश्यक तेवढा आटोपशीर केला आहे.

*

प्रश्न : माझ्याकडे आईने दिलेली पितळी भातुकली आहे. चूल, बंब, पाटा-वरवंटा, ओगराळे, झारा, सोऱ्या, असे सगळे मिळून बेचाळीस नग आहेत. गेल्या मे महिन्यात पुण्याहून नातवंडे आली, तेव्हा मी ती चकचकीत घासून, ओळीने मांडून त्यांना दाखवली. दहा मिनिटे त्यांनी कौतुक केले आणि पुन्हा मोबाइल हातात घेतला. यंदा काय वेगळे करावे? या भांड्यांत खरोखर काही शिजवले तर चालेल का? (एक आजी, दौलतगंज, लष्कर)

उत्तर : काकू, आपल्या पत्रातील ‘ओळीने मांडून दाखवली’ हे शब्द मी पुन्हा पुन्हा वाचले, कारण दुखणे नेमके तेथेच आहे असे मला वाटते. आपल्या लहानपणी भातुकली आपल्याला कोणी दाखवली नव्हती. आपण ती स्वतः काढली, तिच्यासाठी डब्यातला खरा गूळ चोरला, चूल कोणी सांभाळायची यावरून चुलत बहिणीशी अबोला धरला, आणि ‘पाहुणे’ झालेल्या धाकट्या भावाला तासभर उपाशी बसवून ठेवले. नातवंडांपुढे यातले काहीच आले नाही. त्यांच्यापुढे आल्या त्या बेचाळीस घासलेल्या वस्तू आणि ‘हरवू नका हं’ ही सूचना.

यंदा भांडी न घासताच पेटी जमिनीवर ठेवावी. ग्वाल्हेरात मे महिन्यात सकाळी अकरापासून संध्याकाळी पाचपर्यंत लू वाहत असते, दारे-खिडक्या बंद असतात आणि घरातले कोणीही बाहेर पडू शकत नाही. इतके हक्काचे प्रेक्षक आणि पाहुणे वर्षातल्या दुसऱ्या कोणत्याही महिन्यात मिळणार नाहीत. मधल्या खोलीतली दगडी फरशी ओल्या फडक्याने पुसून घ्या. एका ताटात चुरमुरे, भाजलेले दाणे, डाळे, किसलेला गूळ, सुके खोबरे आणि काकडी एवढाच शिधा ठेवा आणि मुलांना सांगा की आज दुपारचे खाणे घरातील सर्वांना याच भांड्यांतून मिळणार आहे. काय करायचे, कोणाला किती वाढायचे आणि कोणाला उशीर झाला म्हणून रागवायचे, हे सगळे त्यांनी ठरवायचे आहे. आजोबांनी पाटावर येऊन बसायचे आणि मुकाट्याने वाट पाहायची. घरात काका किंवा मामा असतील तर त्यांना वाणी करावे. दोन डब्यांची झाकणे आणि सुतळी यांची तागडी होते आणि भाव करताना मुलांचे हिशेबही होतात. भातुकलीतल्या वाटीत जेमतेम दीड चमचा चुरमुरे मावतात, त्यामुळे आठ माणसांचे पोट भरेपर्यंत तास-सव्वा तास सहज जातो आणि दर दोन मिनिटांनी कोणीतरी ‘अजून वाढा’ म्हणून ओरडत असते. या सगळ्यात आपण स्वतः कोणीही विचारल्याशिवाय काही करायचे नाही, हे पथ्य आपल्याला सर्वांत जड जाईल याची मला कल्पना आहे.

नातवंडांत मुलगा असेल तर त्याला ‘बहिणीला मदत कर’ असे सांगू नये. चूल त्याच्याच ताब्यात द्यावी. भातुकली मुलींची, हा समज आपल्याच पिढ्यांनी घट्ट केला आणि त्यामुळे निम्मी मुले एका उत्तम खेळाला मुकली.

आता शिजवण्याविषयी. पितळ हे तांबे आणि जस्त यांचे मिश्रण असल्यामुळे त्यात आंबट पदार्थ ठेवला की धातू पदार्थात उतरतो, तो कळकतो आणि पोटाला बाधतो. मोठ्या भांड्यांना आतून कथलाची कल्हई करून घेत असत ती याचसाठी. आपल्या भातुकलीला कल्हई असली तरी इतक्या वर्षांत ती झिजली असणार. तेव्हा कोरडे खाऊचे पदार्थ खुशाल घ्यावेत. चिंच, लिंबू, ताक, टोमॅटो मात्र त्यात अजिबात नको आणि विस्तवही नको. खेळ संपल्यावर भांडी चिंच-मिठाने चोळून, धुऊन, लगेच कोरडी करावीत. हे कामही मुलांना आवडते, कारण काळे पडलेले भांडे डोळ्यांदेखत उजळते. मागच्या वर्षी आपण त्यांचा तो आनंद आधीच उरकून टाकलात.

पेटी बंद करताना नग मोजावेत हे खरे. पण बेचाळीसचे एकेचाळीस झाले तर मुलांसमोर हळहळू नये. माझ्या स्वतःच्या भातुकलीतल्या सोऱ्याची चकती गेली चाळीस वर्षे सापडलेली नाही आणि चकल्या तरीही होतात.

*

प्रश्न : घरात आजोबांच्या वेळचा कापडी सारीपाट, सोळा सोंगट्या आणि कवड्या आहेत. आमच्या घरात सात वर्षांच्या मुलीपासून अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या वडिलांपर्यंत सर्वांना एकत्र खेळता येईल असा खेळ हवा आहे. परंतु नियम कोणालाच नीट आठवत नाहीत. वडील एक सांगतात, आत्या दुसरे. खरे नियम कोणते? (एक वाचक, ठाटीपूर)

उत्तर : दोघेही खरे सांगत असण्याची शक्यता मोठी आहे. सारीपाट घरोघरी खेळला गेला आणि दानांचे हिशेब घराघरांत बदलत गेले. सगळीकडे सारखा राहिला तो पट. अधिक चिन्हासारखे चार हात, प्रत्येक हातात तीन ओळी, प्रत्येक ओळीत आठ घरे आणि मधोमध मोकळा चौक. चार खेळाडू आणि प्रत्येकाच्या चार सोंगट्या, म्हणजे आपल्याकडच्या सोळा बरोबर आहेत. सोंगटी मधल्या चौकातून निघते, आपल्या हाताच्या मधल्या ओळीने खाली उतरते, बाहेरच्या ओळींनी पूर्ण पटाला वळसा घालते आणि पुन्हा आपल्याच मधल्या ओळीने चढून घरात जाते. फुली असलेल्या घरात सोंगटी सुरक्षित असते. इतरत्र ती मारली जाऊ शकते आणि मारली गेली की पुन्हा चौकातून सुरुवात करावी लागते.

दानासाठी सहा कवड्या टाकून किती उताण्या पडल्या ते मोजतात. एक प्रचलित हिशेब असा आहे : दोन उताण्या पडल्या तर दोन, तीनला तीन, याप्रमाणे सहापर्यंत, एकच उताणी पडली तर दहा, आणि एकही उताणी पडली नाही तर पंचवीस. कवड्यांनी खेळल्या जाणाऱ्या या खेळाचे पच्चीसी हे दुसरे नाव याच पंचविसावरून आले आहे. दहा किंवा पंचवीस पडले की आणखी एक दान मिळते आणि नवी सोंगटी पटावर उतरवता येते. आत्याबाईंचा हिशेब यापेक्षा वेगळा असेल तर तोही चालेल. खेळ सुरू होण्यापूर्वी तो एका कागदावर लिहून पटाशेजारी ठेवावा एवढीच माझी सूचना आहे, कारण सारीपाटातली बहुतेक भांडणे सोंगटी मारल्यावरून होत नाहीत, ती ‘आमच्याकडे असे नव्हते’ या वाक्यावरून होतात.

आपल्या घरासाठी या खेळाची मोठी सोय अशी की समोरासमोर बसलेले दोघे भिडू असतात आणि दोघांच्याही सोंगट्या घरी पोचल्याशिवाय डाव जिंकला जात नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आजोबा आणि सात वर्षांची नात हे भिडू करावेत. आजोबांना चाल समजते, नातीच्या हातून दान पडते, आणि दोघांनाही एकमेकांवाचून भागत नाही. आई-वडिलांनी मात्र मुलीला मुद्दाम जिंकू देऊ नये. मुलांना ते लगेच कळते आणि त्यांचा खेळावरचा विश्वास उडतो. चार सोंगट्यांचा पूर्ण डाव दोन-अडीच तासही चालतो, म्हणून पहिल्या आठवड्यात प्रत्येकी दोनच सोंगट्या घ्याव्यात.

मुलीला लुडो येत असेल तर तिला निम्मा सारीपाट आधीच येतो, हेही सांगा. पच्चीसीचेच सोपे रूप करून इंग्लंडमध्ये १८९६ साली लुडोचे पेटंट घेतले गेले. कवड्यांच्या जागी फासा आला आणि भिडूंची जोडी बहुधा गळून पडली, जी माझ्या मते मोठीच हानी होती. येथून आग्रा सुमारे १२० किलोमीटर आणि तेथून फत्तेपूर सिक्री जवळच; तेथील वाड्याच्या अंगणात दगडी फरशीवर कोरलेला पच्चीसीचा भला मोठा पट आजही पाहता येतो आणि अकबर त्यावर माणसांनाच सोंगट्या करून खेळत असे असे सांगतात. ते एकदा पाहून आलात की संध्याकाळी गच्चीवर खडूने तसाच पट आखण्याचा हट्ट झाल्याशिवाय राहणार नाही. तो जरूर पुरवावा. माणसांच्या सोंगट्या असल्या की मारली गेलेली सोंगटी स्वतःच वाद घालू लागते.

मोठी मुले असतील तर त्यांना शंभर वेळा कवड्या टाकून कोणते दान किती वेळा पडते याचा तक्ता करायला सांगावे. कवडीच्या दोन्ही बाजू सारख्या नसतात, त्यामुळे नाण्याच्या छाप-काट्याचे गणित येथे तंतोतंत लागू पडत नाही, हे त्यांचे त्यांनाच कळेल.

*

प्रश्न : माझे लाकडी, रंगीत खुळखुळे आणि चाकांचा हत्ती आईने जपून ठेवला आहे. बाळाला सातवा महिना लागला आहे. ती खेळणी त्याला द्यावीत अशी सासूबाईंची इच्छा आहे. (एक आई, मुरार)

उत्तर : देऊ नयेत. या वयात प्रत्येक वस्तू तोंडात जाते आणि जुन्या तैलरंगांत शिसे असण्याची शक्यता फार मोठी असते. भारतात घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपुरते मर्यादित करणारा नियम २०१६ चा असून तो २०१७ पासून लागू झाला, आणि खेळण्यांसाठी भारतीय मानक चिन्ह सक्तीचे झाले ते २०२१ पासून. त्याआधीच्या रंगाला पापुद्रे सुटत असतील तर ते खेळणे फळीवरच शोभते. बाळासाठी आपल्याच राज्यातील बुधनीच्या खरादी कामाच्या खेळण्यांचा विचार करता येईल. ती दुधी नावाच्या हलक्या, गुळगुळीत लाकडाची असून त्यांवर लाखेचा थर चढवलेला असतो. मात्र घेताना लाखेत कोणता रंग मिसळला आहे हे विचारावे, मानक चिन्ह पाहावे आणि लहान भाग सुटा होत नाही ना हे ओढून बघावे. सासूबाईंना हत्तीची गोष्ट सांगण्याचे काम द्या. ते त्यांनाही आवडेल.

*

प्रश्न : मी नातवाला आणि त्याच्या मित्रांना विटी-दांडू शिकवतो. इतर मुले गिल्ली-डंडा म्हणतात, त्याला हरकत नाही. पण मी ‘वकट, लेंड, मूंड, नाल’ असे मोजू लागलो की सगळी हसतात आणि हे कोणत्या भाषेत आहे असे विचारतात. मलाही सांगता येत नाही. (एक आजोबा, जीवाजीगंज)

उत्तर : मुलांचा प्रश्न उत्तम आहे आणि त्याचे उत्तर त्याहून गमतीदार आहे. तेलुगूत एक, दोन, तीन, चार यांना ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु म्हणतात. आपल्या मोजणीशी हे शब्द ताडून पाहावेत. पुढचे शब्द गावागणिक इतके बदलतात की त्यांची वंशावळ लावण्याच्या भरीस मी पडणार नाही, परंतु पहिल्या चारांचे नाते कानालाच कळते. दख्खनमध्ये मराठी आणि तेलुगू शेजारी नांदल्या आणि पोरांच्या खेळाने शेजारणीचे आकडे उचलले. दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ १८१० मध्ये किल्ल्याच्या पायथ्याशी पडला आणि त्या छावणीचे पुढे लष्कर हे शहर झाले. त्या सुमारास आणि त्यानंतर दक्षिणेकडून आलेल्या घराण्यांच्या मागोमाग हे आकडेही चंबळच्या अलीकडे येऊन पोचले असणार. म्हणजे आपण मुरारच्या मैदानावर किंवा जीवाजीगंजच्या गल्लीत उभे राहून ‘लेंड’ म्हणता, तेव्हा हिंदी बोलणाऱ्या मुलांपुढे मराठी तोंडाने तेलुगू मोजत असता. मुलांना हे सांगाल तर हसणे थांबणार नाही, पण त्यांच्यातले निम्मे जण उद्यापासून तसेच मोजू लागतील. आपल्या बाजूने एकच काळजी घ्यावी : गल्ली अरुंद असते आणि उडालेली विटी डोळ्याला लागली तर इजा कायमची होते, म्हणून खेळ मोकळ्या मैदानातच व्हावा आणि झेल घेणाऱ्याखेरीज सर्वांनी टोला मारणाऱ्याच्या मागे उभे राहावे.

*

प्रश्न : नवरात्रात आमच्याकडे भोंडला होतो. शेजारच्या मुली त्याच दिवसांत झांझी घेऊन फिरतात आणि मुलगे टेसू. माझ्या मुलीला दोन्ही करायचे आहे. घरातील वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे की आपले आपण जपावे, दुसऱ्यांचे कशाला? (एक आई, हजीरा)

उत्तर : मुलीचे म्हणणे मला पूर्णपणे पटते. पाटावर हत्ती काढून, त्याभोवती फेर धरून म्हणायची भोंडल्याची गाणी आणि तीन काड्या मधोमध बांधून उभ्या केलेल्या तिकाटण्यावर बसवलेला मातीच्या तोंडाचा टेसू, या दोन्ही गोष्टी मुलांनी मुलांसाठी चालवलेल्या आहेत आणि दोन्हींत शेवटी खाऊ मिळतो. भोंडल्यात खिरापत ओळखावी लागते. टेसूवाली मुले दारोदार गाऊन धान्य-पैसे गोळा करतात. झांझी म्हणजे भोके पाडलेले मडके, ज्याच्या आत दिवा ठेवला की अंधाऱ्या गल्लीत प्रकाशाचे ठिपके भिंतीवरून चालू लागतात. माझ्या लहानपणी मला भोंडल्यापेक्षा त्या ठिपक्यांचेच अधिक वेड होते, हे आता कबूल करायला हरकत नाही.

वडीलधाऱ्यांना एक सोयीची गोष्ट लक्षात आणून द्यावी. टेसू-झांझीचे लग्न शरद पौर्णिमेला लागते आणि तीच आपली कोजागिरी. रात्री गच्चीवर दूध आटवायचेच असते, मोठ्यांनी जागायचेही असते. त्याच गच्चीवर शेजारच्या मुलांना बोलावून ते लग्न लावले तर वऱ्हाडाला मसाला दूध मिळेल आणि आपल्या मुलीला दोन्ही घरची करवली होता येईल. टेसूची कथा महाभारतातल्या बर्बरीकाशी जोडतात. ती आजोबांनी सांगावी. नवरीसाठी बाहुली हवी असेल तर चिंध्यांची घरीच शिवावी. ग्वाल्हेरच्या कापडी बाहुल्या बत्तोबाईच्या नावाने प्रसिद्ध आहेत. अशी एखादी बाहुली समोर ठेवली की नाक-डोळे धाग्याने कसे भरायचे ते मुलींना चटकन कळते. आजीच्या पैठणीच्या काठाचा तुकडा मागण्याची मात्र घाई करू नये. तो लग्नाच्या आदल्या रात्री मागावा, म्हणजे नाही म्हणायला वेळ उरत नाही.

*

प्रश्न : हिवाळ्यात मेळ्यातून पत्र्याची फटफट आवाज करणारी बोट आणली. लहानपणी माझी बोट टबात गरगर फिरत असे. ही मात्र जागची हलत नाही. मुलगा हिरमुसला आहे. शिवाय माझ्या वडिलांची चावीची पत्र्याची आगगाडीही आहे. मुलाने ती मागितली, पण चावी फिरत नाही. जास्त चावी दिल्यामुळे स्प्रिंग ‘आवळली’ असे सगळे म्हणतात. दुरुस्त झाल्यावर ती मुलाला द्यावी की कपाटात ठेवावी? (एक वडील, माधवगंज)

उत्तर : बोटीचा दोष बहुधा तिच्यात नाही, आपल्या विसरण्यात आहे. तिच्या पोटात पातळ पत्र्याची लहानशी टाकी आणि मागे उघडणाऱ्या दोन नळ्या असतात. पेटवण्यापूर्वी एका नळीतून पाणी सोडावे लागते, दुसरीतून ते बाहेर येईपर्यंत; मग बोट सरळ पाण्यात ठेवून खाली मेणबत्तीचा तुकडा किंवा तेलाची वात सरकवायची. टाकीतल्या पाण्याची वाफ होते, ती नळ्यांतले पाणी मागे ढकलते, लगेच थंड होऊन आक्रसते आणि बाहेरचे पाणी आत ओढून घेते. हे सेकंदाला अनेक वेळा घडते आणि टाकीचा पत्रा आत-बाहेर होताना तो आवाज येतो. मुलगा थोडा मोठा असेल तर त्याला विचारा की पाणी जितके बाहेर जाते तितकेच आत येते, मग बोट पुढे का जाते? बाहेर जाताना पाणी एका धारेत सरळ मागे जाते, आत येताना मात्र ते नळीच्या तोंडाभोवतीच्या सर्व बाजूंनी गोळा होते. म्हणून पुढचा रेटा शिल्लक उरतो. तोंडाने हवा फुंकून मेणबत्ती विझते पण हवा ओढून घेतल्याने विझत नाही, हे करून दाखवले तर दहा वर्षांच्या मुलालाही पटते. आच असल्यामुळे मोठे माणूस टबाशेजारी बसलेले हवेच, आणि पत्र्याच्या कडा आधी कानशीने घासून घ्याव्यात.

आपल्या मेळ्याविषयी एक वाक्य लिहिल्यावाचून राहवत नाही. माधवराव शिंद्यांनी १९०५ मध्ये सुरू केलेल्या या मेळ्यात आज मोटारगाड्यांची दालने पाहायला गर्दी लोटते, पण जमिनीवर फडके पसरून अशी बोट, डमरू आणि कागदी साप विकणारा माणूस अजूनही कोपऱ्यात सापडतो. मुलाला पुढच्या वर्षी आधी त्याच्याकडे न्यावे आणि पैसे त्याच्याच हातून द्यावेत.

आता आगगाडी. जास्त चावी दिल्याने स्प्रिंग बिघडते हा सार्वत्रिक गैरसमज आहे. चावी पूर्ण दिलेली असते आणि जुने तेल चिकट होऊन घट्ट बसल्यामुळे दातेरी चाके अडकतात; म्हणून गाडी चालत नाही आणि चावी पुढे फिरत नाही. शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब काडीच्या टोकाने चाकांच्या आसांवर सोडावेत, एक रात्र तशीच ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी चाके बोटाने हळूहळू मागे-पुढे करावीत. जोर लावू नये. पत्र्याच्या दुमडलेल्या जिभा उघडून गाडी खोलण्याचा मोह टाळावा, कारण त्या दोन-तीनदा वाकवल्या की तुटतात आणि ताणलेली स्प्रिंग उसळून हाताला लागते. एवढ्याने गाडी सुटली नाही तर भिंतीवरची जुनी घड्याळे दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे न्यावी. त्याला हे काम ठाऊक असते.

द्यावी की ठेवावी, याचे उत्तर मी ग्वाल्हेरकरांना जयविलास महालातल्या मेजाची आठवण करून देऊन देईन. भोजनाच्या लांबलचक मेजावर रूळ मांडून त्यावर चांदीची आगगाडी फिरवण्याची हौस या शहराच्या राजाला होती. तिच्या डब्यांतून पाहुण्यांपर्यंत ब्रँडी आणि सिगार पोचत आणि बाटली उचलली की गाडी थांबे. याच माधवरावांच्या हौसेतून दोन फूट रुंदीच्या रुळांची खरी छोटी गाडीही धावू लागली. श्योपूरपर्यंत सुमारे २०० किलोमीटरचा तो मार्ग आपल्यापैकी अनेकांनी टपावरची गर्दी पाहत पार केला आहे. ती गाडी २०२० मध्ये थांबली. चांदीची गाडी आता संग्रहालयात आहे आणि आपण तिच्याकडे दोरीच्या अलीकडून पाहतो. आपली गाडी चांदीची नाही, हे मुलाच्या भाग्याचे समजावे. ती त्याला द्यावी.

देताना तीन गोष्टी कराव्यात. रूळ गालिचावर मांडू नयेत, कारण गालिचाचे धागे आणि केस चाकांत जाऊन गुंडाळतात. फरशी सर्वांत बरी. पहिल्या दिवशी आजोबा हयात असतील तर स्टेशनमास्तर त्यांनाच करावे आणि पहिली चावी मुलाने द्यावी. याच्या उलट करू नये, नाहीतर आजोबा ती पुन्हा हातची सोडणार नाहीत. तिसरी गोष्ट चावीची. आमच्या घरातील गाडी मोडली नाही, गंजली नाही; तिची चावी मात्र एका दिवाळीच्या साफसफाईत गेली आणि त्या गाडीला आम्ही पुढची अनेक वर्षे हाताने ढकलत राहिलो. आपण चावीच्या भोकातून जाड दोरा ओवून तो डब्याच्या झाकणाला आजच बांधून टाकावा.